नवमीची सवाष्ण

"किती गं हा चिखल! कुठनं तुडवत आलीस एवढा?"

तानूकाकी माझे पाय धूत होत्या आणि पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत होत्या. मी दाराशी पाटावर बसलेली, पाय पितळी परातीत. पहिला तांब्या ओतला तेव्हा वाटलं, म्हातारीला कमी दिसत असेल. दुसरा झाला, तिसरा झाला. परातीतलं पाणी नितळ होतं, खालचं पितळ झळकत होतं, आणि ह्या बाई माझ्या बोटांच्या बेचक्यात बोट घालून घासतायत! चिखल यायचा कुठला? त्या भाद्रपदात पावसानं अशी दडी मारली होती की एसटीतून उतरून मी फुफाट्यातनं चालत आले होते. जी काय धूळ होती ती पहिल्याच तांब्यात गेली होती.

"काकी, निघाला की सगळा," मी म्हटलं.

"नखांत हाय अजून."

सवाष्णीनं पाय धुवून घ्यायचे असतात, मागं ओढायचे नसतात. मी बसून राहिले. पण मनात म्हटलं, शालन, हे घर काही धड दिसत नाही बाई.

माझ्या लग्नाला तेव्हा दोन वर्षं झाली असतील. आता माझ्या नाती कॉलेजात जातात. मधल्या काळात चार माणसांत कितीतरी वेळा बोलायची वेळ आली, पण हे सगळं पहिल्यापासून शेवटपर्यंत मी घराबाहेर कुणाला सांगितलं नाही. थोडंसं सांगितलं की लोक पहिलं हेच विचारतात, "तुम्हाला खरंच असं वाटलं का हो?" अहो, वाटलं म्हणजे काय, मी जेवले होते तिथं.

माझी नणंद उजू, उज्ज्वला. लहानपणीच्या तापात तिचा उजवा पाय आखूड राहिलेला. पोरगी चुणचुणीत, शिवणकामात तिचा हात धरणारं कोणी नाही, तोंड तर असं की भल्याभल्यांना गप्प करील. पण बघायला आलेली माणसं तिचं तोंड ऐकायच्या आधी पाय बघायची आणि चहा पिऊन जायची. अशी पाच-सहा स्थळं गेल्यावर नदीपलीकडच्या गावातनं जयसिंगचं स्थळ आलं. बागायती जमीन, चार म्हशी, दाराशी मोटारसायकल. घरात तो आणि त्याची विधवा आई तानूकाकी, एवढीच माणसं. एकच खोट: बिजवर. पहिली बायको अनसूया गेल्या वर्षी नागपंचमीच्या तोंडावर पिशवी भरून निघून गेली, कुणाचा तरी हात धरून गेली, असं जयसिंग सांगायचा आणि गाव मान डोलवायचं.

"बिजवर असला म्हणून काय सोन्याचं पितळ होतंय व्हय?" माझ्या सासूबाई म्हणायच्या. मी त्यांना आत्याबाई म्हणायचे, आमच्याकडं तीच रीत. "तिनं त्याचं नाक कापलं, तो बिचारा खाली मान घालून फिरतोय. आणि तिची आई बघा! दर बाजाराला येऊन जयसिंगच्या दारात बसती, 'माझी लेक कुठाय' म्हणून. लेक पळाली नि आईला लाज न्हाई."

दसरा झाला की सुपारी फोडायची, असं ठरलं होतं. उजू वरवर चेष्टा करायची, पण मी बघत होते ना, तिनं उशांच्या अभ्र्यांवर मोर काढायला घेतले होते.

पितरांचा पंधरवडा लागला आणि तानूकाकी स्वतः एसटीनं आमच्या घरी आल्या. वाळलेली बाई, डोळे मात्र मोठे, आणि बोलताना माणसाकडं न बघता त्याच्या खांद्यामागं बघायच्या. म्हणाल्या, "नवमीला शालनला सवाशीण म्हणून धाडा. माझ्या सासूच्या नावानं जेवू घालायचंय. एकटीच धाडा. आणि जयसिंगच्या कानावर घालू नका, त्याला असलं काय आवडत न्हाई."

आत्याबाईंची छाती फुगली. "बघ, सोयरीक व्हायच्या आधीच घरचा मान दिला!"

अविधवा नवमी आता सगळ्यांच्या घरी होत नाही, म्हणून सांगते. जी बाई नवऱ्याच्या आधी, कपाळाला कुंकू असताना जाते, तिच्या नावानं या दिवशी एक सवाष्ण जेवते. नवऱ्यामागं राहिलेल्या बाईला ही नवमी नसते, तिचं काय ते तिच्या तिथीला. आणि जेवायला बसलेली सवाष्ण त्या दिवसापुरती नुसती पाहुणी नसते, ती गेलेली बाईच असते. तिचे पाय धुवायचे, तिला नवं नेसवायचं, ओटी भरायची, गेलेलीला जे आवडायचं ते पानात वाढायचं. शेवटी हात जोडून विचारायचं, "तृप्त झालीस का?" तिनं "झाले" म्हटलं की गेलेली सुखानं आपल्या वाटेला लागते.

निघताना उजूनं मला हळूच बाजूला घेतलं. "वैनी, तिथला सैपाकघराचा उंबरा केवढा हाय तेवढं बघून ये. मला ओलांडाय जमंल का न्हाई, कळाय पायजे."

मी उंबरा बघितला. बेताचाच होता, टीचभर. बरं वाटलं. पण त्या पलीकडं मागच्या परसाची खिडकी होती, तिला फळ्या ठोकलेल्या. भर दुपारी स्वयंपाकघरात रॉकेलची चिमणी लावलेली.

"काकी, खिडकी का बंद केली?"

"वारं येतंय."

वारं! पान हलत नव्हतं. हात धुवायला मला त्यांनी मागच्या दारानं नेलं, म्हणजे दार उघडून दिलं आणि स्वतः आतच थांबल्या. परसात लोखंडाची मोठी टोपी भिंतीला टेकवून ठेवलेली, गंजून लाल झालेली. तेव्हा गावोगाव गोबरगॅस आले होते, शेणाच्या खड्ड्यावर बसवतात ती ही टोपी. खड्डा मात्र बुजवलेला. वर मातीचा ढीग, आणि त्यावर भोपळ्याचा वेल असा माजलेला की कुंपण चढून पलीकडं गेलेला. पानं सुपाएवढी. भोपळे किती, मोजवत नव्हते, मांडीएवढे, लालबुंद, काही जागेवरच फुटून कुजलेले.

"गोबरगॅस बंद केला?" मी आत येऊन विचारलं.

"गळत हुता."

"आणि भोपळे एवढे का कुजवलेत? पंधरवड्यात सगळीकडं भोपळ्याची भाजी लागते. चार आम्हाला तरी द्यायचे."

तानूकाकींनी माझ्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं. "त्यातलं आम्ही काय खात न्हाई," म्हणाल्या. "म्हसरांनाबी घालत न्हाई."

मग त्यांनी मला हिरवी साडी नेसायला दिली, कोरी, घडी न मोडलेली. नेसून आले तर बांगड्या घेऊन बसल्या होत्या. हिरव्याच, पण माप लहान. माझं मनगट काही नाजूक नाही, शेतात राबलेला हात. म्हटलं, काकी, ह्या नाही चढायच्या. त्यांनी साबण लावला, माझा पंजा दाबून असा धरला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि एकेक करून सगळ्या चढवल्या.

"हेच तर माप बसतंय तुला," त्या म्हणाल्या. "उगं नखरं करायचं न्हाई."

पहिल्यांदा "या बसा" म्हणणारी बाई आता मला सून असल्यासारखं बोलत होती. म्हटलं, लागेल ती सोयरीक, लाडानं बोलत असतील. माणूस आपली समजूत कशी घालतं बघा.

पान वाढलं. केळीचं पान, भोवती रांगोळी. खीर, पुऱ्या, उडदाचे वडे, आळूची भाजी, गवार, भजी. आणि या सगळ्याच्या मधोमध निखाऱ्यावर भाजलेलं मक्याचं कणीस, तिखटमीठ चोळलेलं.

मला हसूच आलं. "काकी, कणीस? सवाष्णीच्या पानात?"

"आवडायचं."

"सासूबाईंना?"

"व्हय. शेतातनं येताना पदरात चार-चार घेऊन यायची. कच्चंबी खायची."

त्या समोर बसल्या, हातात पंखा. स्वतः काही खाल्लं नाही. मी घास उचलला की त्यांची नजर माझ्या हाताबरोबर पानावरून तोंडापर्यंत यायची आणि परत पानावर जायची.

आता माझं जेवण म्हणजे चिमणीचं. आत्याबाई त्यावरून रोज बोलायच्या, "दोन घासांत पोट भरतंय हिचं, बाळंतपण कसं निभवायचं?" पण त्या दिवशी मी जेवायला लागले ती लागलेच. चार पुऱ्या गेल्या, खिरीची वाटी गेली, परत भरली, तीही गेली. वडे गेले. पोट भरल्याचं काही लक्षणच नाही. उलट प्रत्येक घासाला आत आणखी खोल खड्डा पडल्यासारखं वाटायचं. लाज वाटायला लागली. काकी मात्र वाढत होत्या, एक शब्द न बोलता. कणीस मी दातांनी ओरबाडून खाल्लं, पार बुरकुंडा राहीपर्यंत.

समोर भिंतीवर एक तसबीर होती. म्हातारी बाई, तोंडाचं पार बोळकं, ओठ आत गेलेले.

"ह्या कोण?"

"माझी सासू."

मला कुठं गप्प बसवतंय! हसतच म्हणाले, "ह्यांना कणीस आवडायचं? अहो, दात कुठायत ह्यांना?"

काकी हसल्या नाहीत. मी मग तसबीर नीट बघितली आणि घास हातातच राहिला. म्हातारीच्या कपाळावर गोंदण होतं, कुंकू नव्हतं. पांढरं लुगडं, गळ्यात काही नाही, हात उघडे.

मी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुमचे मामंजी कधी गेले, काकी?"

"त्यास्नी मी बघितलंसुद्धा न्हाई. मी लगीन होऊन आले त्याच्या आधीच गेले. सासूनंच सगळं ओढलं. जयसिंगला तिनंच अंगाखांद्यावर वाढवला की."

बोलता बोलता त्यांनी आणखी एक पुरी वाढली. आपण काय बोलून गेलो ते त्यांच्या ध्यानातही आलं नाही. माझ्या मात्र आलं. ही सासू विधवा होऊन गेली. हिला नवमी नाही. तानूकाकी तर समोर जित्या बसलेल्या, आणि ह्या घरात तिसरी बाई एकच नांदून गेली होती. मग माझ्या अंगावर साडी कुणाची? बांगड्या कुणाच्या मापाच्या? मी कुणाच्या नावानं जेवत होते?

आणि मला कळलं, ह्यांनी आपल्या गावातली एकही सवाष्ण का बोलावली नाही ते. गावातल्या कुणीही पहिल्या घासाला विचारलं असतं, "तुमच्या घरात कुंकवानं गेलंय कोण?" घराची माहिती नसलेली, सोयरीक जुळायची म्हणून तोंड न उघडणारी बाई त्यांना हवी होती. त्यांना मी सापडले.

हे सगळं कळत होतं, पण हात थांबेना. खरं सांगते, मी रडकुंडीला आले होते आणि तरी खात होते. पान चाटूनपुसून साफ झालं.

तानूकाकींनी पंखा खाली ठेवला. माझ्यासमोर गुडघे टेकले आणि हात जोडले. पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत डोळे घालून बघितलं.

"अनसू," त्या म्हणाल्या, "तृप्त झालीस न्हवं? झालं न्हवं पोट? सगळं तुझ्या आवडीचं केलं. आता जा बाय. रातचं परसात फिरू नगंस, बांगड्या वाजवू नगंस. माझ्या पोराला झोप न्हाई. जा, आणि परत येऊ नगंस."

माझं डोकं ओरडून सांगत होतं: झाले म्हण. झाले म्हण, ऊठ आणि पहिली एसटी पकड. मी तोंड उघडलं.

"नाही."

आवाज माझाच होता. पण तो शब्द मी ठरवून बोलले नाही. मला भूक लागली होती हो! सगळं पान खाऊन मी तिथं उपाशी बसले होते. कुणी विचारलं, तर दुसरं काय सांगणार?

म्हातारी मागं कलंडली. हात जोडलेले तसेच. "मग काय पायजे तुला? आं? काय ऱ्हायलं?"

त्या माझ्या गप्प बसण्यालाच उत्तर द्यायला लागल्या.

"चुकलं माझं. मी दार लावून घेतलं. मला वाटलं रोजच्यासारखा हाणतोय, हाणंल नि थांबंल. तू 'आत्याबाई, दार उघडा' म्हणत हुतीस. म्या ऐकलं. आईकडं पंचमीला जाते एवढंच तर म्हणाली हुतीस, पिशवी भरलीस म्हणून त्याचं डोस्कं फिरलं. मग तू हाक मारायची थांबलीस. मला वाटलं, झालं, थांबला." त्यांनी फळ्या ठोकलेल्या खिडकीकडं बघितलं. "म्या त्याला म्हटलं, निदान नदीला सोड, पाण्याला तरी लागंल. तर त्यानं तुला त्या शेणाच्या खड्ड्यात... पिशवीसुद्धा तिथंच. वरनं माती वढली. मला म्हणाला, आई, कुणाला काय सांगितलंस तर तुझ्यावरबी येल चढंल."

अंगणात मोटारसायकल थांबली.

तानूकाकींचं तोंड असं मिटलं की जसं कधी उघडलंच नव्हतं. पान गोळा करून त्या कोपऱ्यात गेल्या. मी उठून उभी राहिले, आणि दारात जयसिंग.

देखणा माणूस, इस्त्रीचा सदरा, आवाज मऊ. वाकून नमस्कार केला मला. "वैनी? आज कसं काय येणं केलं?" तोंडानं हसत होता, डोळे मात्र साडीवरून बांगड्यांवर, बांगड्यांवरून रांगोळीवर, रांगोळीवरून आईवर. "आईला अलीकडं काही कळत न्हाई. कायबाय बडबडती. काय म्हणाली तुम्हाला?"

"म्हणायचं काय," मी म्हटलं. देवानं मला दुसरं काही दिलं नाही, पण जीभ दिलीय. "उजूला साडी कुठल्या रंगाची घ्यायची म्हणून माझ्या अंगावर लावून बघत होत्या. मी म्हटलं, हिरवा शोभतो तिला."

मग म्हणाला, "चला, सोडतो तुम्हाला गाडीवरनं. एसटीला अजून उशीर हाय."

"नको बाई! नवमीची सवाष्ण दिवस मावळेपर्यंत परपुरुषाच्या गाडीवर बसत नाही. घरच्या पितरांना लागतं ते."

असली चाल जगात कुठं नाही. मी उभ्या जागी रचली. पण तो पितरांच्या नावानं एक पाऊल मागं सरला, आणि त्या सरकलेल्या जागेतून मी बाहेर पडले. गावाच्या वेशीपर्यंत मी एकदाही पळाले नाही. वेशीबाहेर आल्यावर मात्र निऱ्या वर खोचल्या आणि अशी धावले की एसटीच्या कंडक्टरनं विचारलं, "ताई, मागं कुत्रं लागलंय काय?"

घरी आले तर आत्याबाई अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. "दिली का साडी? अगं बया, नवी कोरी!"

मी त्यांच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं, पाय धुण्यापासून. मला वाटत होतं की त्या उखडणार. किती मुश्किलीनं जुळलेलं स्थळ! पहिल्यांदा उखडल्याही. "म्हातारीला वेड लागलंय, तू कशाला..." मग कणसाचं सांगितलं. तसबिरीतल्या कपाळाचं सांगितलं. त्यांच्या हातातली शेंग फुटेना. बराच वेळ त्या माझ्या बांगड्यांकडं बघत राहिल्या.

"शालन," त्या म्हणाल्या, "पळून गेलेल्या बाईला कुणी नवमी घालत न्हाई गं."

मागं काहीतरी पडलं. उजू दाराची चौकट धरून उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती रडली नाही. म्हणाली, "दादाला शेतातनं बोलवा. आणि आधी वैनीच्या हातातल्या त्या बांगड्या काढा."

बांगड्या निघेनात. शेवटी फोडाव्या लागल्या.

मामंजी आणि हे दुसऱ्या दिवशी तालुक्याला गेले. फौजदार आधी हसला. "जेवणाच्या पंगतीत बाईला कळलं म्हणून मी कुणाचं परस उकरू होय?" मग आत्याबाई स्वतः गेल्या, अनसूच्या आईला घेऊन. जिला त्या निर्लज्ज म्हणत होत्या तिचा हात धरून चौकीच्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, उकरल्याशिवाय आम्ही उठत नाही. कसं कोण जाणे, उकरलं. भोपळ्याच्या मुळांनी सगळं धरून ठेवलं होतं, काढायला कोयते लागले असं म्हणतात. पिशवीही मिळाली, तिच्यात दोन लुगडी आणि आईसाठी घेतलेला चष्मा. जयसिंगला नेलं. तानूकाकींना कुणी विचारायच्याही आधी त्यांनी सगळं सांगून टाकलं, आणि सांगून झाल्यावर तिथंच जमिनीवर झोपी गेल्या.

उजूचं पुढं चांगलं झालं. तिनं तालुक्याला शिवणाचं दुकान टाकलं आणि लग्न केलं ते स्वतः बघून. आजही माझ्याशी भांडते.

माझी भूक मात्र गेली नव्हती. नवमीपासून मी खात सुटले होते. भाकऱ्या मोजायच्या बंद झाल्या. आत्याबाई आधी खूश झाल्या, दिवस गेले असतील म्हणून. तसं काही नव्हतं. नंतर त्या घाबरल्या. देवाचा अंगारा लावला, लिंबू उतरून टाकलं. मी ताटावरून उठायचे ती उपाशीच उठायचे. रात्री पोटात आग पडायची. हे मला म्हणायचे, "तू अशी बघतेस का अन्नाकडं?" कशी बघत होते कोण जाणे.

दसरा झाला. अनसूच्या माणसांनी तिचं जे काय हाती लागलं त्याला अग्नी दिला. त्यानंतर एका सकाळी तिची आई आमच्या दारात आली. ठेंगणी बाई, अनवाणी, काखेत फडक्यात बांधलेलं गाठोडं. आत्याबाईंनी पुढं होऊन हात धरला, पण तिला आत्याबाईंशी काम नव्हतं.

"शालन कोण?"

मी पुढं झाले. तिनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि खूप वेळ बघत राहिली, काहीतरी शोधत असल्यासारखी.

"तू माझ्या पोरीच्या नावानं जेवलीस म्हणं."

"हो, मावशी."

"पोटभर जेवली का गं ती?"

काय सांगावं? आत्याबाई मागून मला खुणावत होत्या, हो म्हण, हो म्हण. म्हातारीचा जीव निवेल. मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि रडायलाच लागले. "नाही, मावशी. खूप खाल्लं. पोटच भरलं नाही. अजून भरत नाही."

तिला नवल वाटलं नाही. "त्या घरचं कसं भरंल?" म्हणाली आणि तिथंच ओसरीवर बसली. फडकं सोडलं. वाटेत खायला म्हणून बांधून आणलेली ज्वारीची भाकरी होती, वर लसणाची चटणी, आणि एक कांदा. भाकरी गार आणि कडक झालेली. तिनं तुकडा मोडला, चटणीला लावला आणि माझ्या तोंडाशी धरला.

"खा."

मी खाल्ला. तिनं दुसरा मोडला. आत्याबाई पाणी आणायला आत गेल्या आणि उंबऱ्याशीच थांबल्या. उजूही दारात थांबली. ओसरीवर नुसता माझ्या चावण्याचा आवाज. तिसरा घास, चौथा. अर्धी भाकरी संपली असेल, आणि पोटात काहीतरी हळूच खाली बसलं. जड आणि ऊबदार. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी तोंड बाजूला केलं.

"बास, मावशी. आता नको."

तिनं मला तृप्त झालीस का म्हणून विचारलं नाही. पदरानं माझं तोंड पुसलं, हनुवटीवर चटणी लागली होती तीही पुसली. मग माझ्या केसांवरून हात फिरवून, माझ्याशीच पण माझ्याशी नव्हे अशी बोलली.

"जा आता, माझी बाय. ऊन व्हायच्या आत जा. आणि वाटंल तवा येत जा."